अंदाजानं घाल

मागच्या भेटीत जेवणाच्या रांगेत उभे असताना एका मैत्रिणीनं मला विचारलं, "काय गं, तुला स्वयंपाकाची गोडी लागली तरी कधी? तू तर शाळेत चहाचं आधणसुद्धा ठेवायला तयार नसायचीस." मी हसून वेळ मारून नेली. मग स्मरणिका समितीचा निरोप आला, "काहीतरी लिहून दे," आणि तोच प्रश्न पुन्हा डोक्यात घोळू लागला. मी सॉफ्टवेअरवाली, इतिहासाची अभ्यासक नाही. पण स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी बरीच मागे, पार नऊशे वर्षांपर्यंत गेले. ते सगळं इथे मांडते. सुरुवात मात्र आपल्या शाळेपासूनच करायला हवी, कारण माझ्यावर एक जुनं ओझं आहे.

आठवीत आपल्याला कार्यानुभवाचा तास असायचा. मुलांना बागकाम, मुलींना शिवण आणि पाककला. वार्षिक परीक्षेला प्रत्येकीनं स्वतः एक पदार्थ करून आणायचा होता. मी आणला हुलग्याच्या शेंगोळ्यांचा डबा. केले होते आईनं. मी फक्त डब्याचं झाकण लावलं होतं. बाईंनी एक शेंगोळा चमच्यावर घेतला, थोडा वेळ त्याच्या वळ्यांकडे बघितलं, खाल्ला आणि मला पैकीच्या पैकी गुण दिले. वही परत आली तेव्हा त्यात लाल शाईनं शेरा होता : "चव उत्तम. आईंना शाबासकी सांगणे."

वर्गात कुणालाच कळलं नाही. मीही ती वही आईला दाखवली नाही. तेव्हा मला लाज वाटली ती चोरी पकडली गेल्याची. आपण काय चोरलं हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

आईनं मला स्वयंपाकघरात कधी येऊच दिलं नाही. तिचं गणित चांगलं होतं, पण दहावीनंतर लग्न झालं आणि गणित तिथंच थांबलं. मी ओट्याशी गेले की म्हणायची, "तू अभ्यास कर. हे काय, कुणालाही येतं." या वाक्यात माझ्यावरची माया होती आणि स्वतःच्या कामाबद्दलची हेटाळणीही होती. मी माया घेतली आणि हेटाळणीही उचलली. हुशार मुलीला स्वयंपाक येत नसणं ही अभिमानाची गोष्ट आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आपल्या बॅचमधल्या आणखी काही जणींना वाटत असेल, तर त्यांनी मनातल्या मनात हात वर करावा.

इंजिनिअरिंगची चार वर्षं हॉस्टेलच्या मेसवर गेली, पुण्यातली नोकरीची पहिली वर्षं डब्यावर. मग कंपनीनं एका प्रोजेक्टसाठी अमेरिकेत पाठवलं. हिवाळा होता, साडेचारलाच अंधार पडायचा. आठवडाभर ब्रेड खाल्ल्यावर एका रात्री मला आमटी हवी झाली, आणि ती करून देणारं आठ हजार मैलांत कुणी नव्हतं. फोन कार्डाचा नंबर खरवडून आईला फोन लावला. पाणी किती? "अंदाजानं घाल." गूळ? "थोडा." किती वेळ उकळू? "वास बदलतो की, कळतं." वास बदलला तो करपल्याचा. दुसऱ्या फोनला आई म्हणाली, "बॅगेत खाली बघ." स्वेटरच्या खाली 'रुचिरा' होतं. आईची स्वतःची प्रत, पानांवर हळदीची बोटं उमटलेली.

त्या पुस्तकानं मला आमटी शिकवली. त्यात वाटी होती, चमचा होता, आधी काय आणि नंतर काय हे होतं. इतकी वर्षं कुणाच्या तरी डोक्यात असलेला प्रोग्राम पहिल्यांदाच कुणीतरी माझ्यासारखीला कळेल अशा रीतीनं कागदावर उतरवलेला दिसला. तेव्हापासून मला दोन प्रश्नांचा नाद लागला. हे लिहून ठेवायचं प्रथम कुणाच्या मनात आलं? आणि का आलं?

अन्न शिजवणं हे फार जुनं. इस्राएलमध्ये एका प्राचीन तळ्याच्या काठी सापडलेले माशांचे दात तपासून संशोधकांनी २०२२ साली मांडलं, की ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी तिथं मासे विस्तवावर शिजवले जात होते. आपल्याकडे घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत चुली आणि धान्याच्या कणग्यांच्या जागा मिळाल्या आहेत. पण पोटासाठी शिजवणं वेगळं आणि शिजवण्याबद्दल कुतूहल वाटणं वेगळं. चुलीची राख मागे उरते, कुतूहलाची खूण मात्र कुणी लिहिलं तरच उरते.

आपल्या भागाजवळची अशी एक जुनी खूण सापडते ती एका राजाच्या ग्रंथात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. ही कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेजवळ लागतं. ११३० च्या सुमारास त्यानं 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ केला. राज्य कसं मिळवावं इथपासून हत्ती, रत्नं, संगीत, खेळ, सगळं त्यात आहे. एका भागात राजाच्या वीस उपभोगांची यादी आहे : घर, स्नान, विडा वगैरे. त्यातलाच एक अन्नभोग. मंडक म्हणजे आपले मांडे त्यात आहेत, पुऱ्या आहेत, धोसक आहे. इडरिका आहे, पण ती तांदूळ न घालता नुसत्या उडदाची, वर मिरी, जिरं आणि हिंग. मांसाचे तऱ्हेतऱ्हेचे प्रकार आहेत, मासे आहेत, कासव आहे, आणि शेतातले उंदीर भाजायची कृतीसुद्धा आहे. हे वाचताना मला गंमत वाटली ती राजाच्या बारीक नजरेची. चूल फुंकणारे हात दुसऱ्यांचे होते, पण पदार्थ कसा होतो हे बघायला राजा थांबला होता. भूक भागलेल्या माणसाचं हे कुतूहल.

दुसरी खूण साडेपाचशे वर्षांनंतरची, आणि तिच्या तर नावातच कुतूहल आहे : 'भोजनकुतूहल'. कर्ता रघुनाथ गणेश नवहस्ते, समर्थ रामदासांच्या स्नेहातला पंडित. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी तंजावरला राज्य केलं. त्यांची राणी दीपाबाई हिचा या रघुनाथपंडिताला आश्रय होता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले प. कृ. गोडे यांनी विसाव्या शतकात जुन्या पोथ्या धुंडाळून हा पंडित कोण, कुठला, कधीचा, हे बरंचसं उलगडलं. जिलबीचा इतिहास लिहितानाही गोड्यांना ही पोथी कामी आली.

ग्रंथ संस्कृतात आहे. धान्यं, डाळी, भाज्या, त्यांचे पदार्थ आणि गुणदोष, असं सगळं आहे. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. पंडित धान्याचं संस्कृत नाव देतो आणि लोकांच्या बोलीतली नावंही देतो. त्यामागचं कारण मी माझ्या परीनं लावते. महाराष्ट्रातला माणूस कावेरीकाठी गेला की त्याच डाळीला बाजारात वेगळं नाव असतं. अमेरिकेतल्या दुकानात मी हुलगे शोधत फिरत होते आणि ते मला 'हॉर्स ग्राम' या पाटीखाली सापडले, तेव्हा रघुनाथपंडिताची मला पहिल्यांदा ओळख पटली. घर सोडल्याशिवाय घरच्या डाळीला नाव विचारावं लागत नाही.

यापुढे छापखाना आला. मराठीतलं अगदी सुरुवातीचं छापील पाकपुस्तक म्हणजे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र', १८७५ सालचं. सूप हा इथे इंग्रजी शब्द नाही. संस्कृतात सूप म्हणजे वरण, आणि सूपकार म्हणजे आचारी. नाव 'शास्त्र', लेखक पुरुष, आणि त्या काळी वाचता येणाऱ्या बायका इतक्या थोड्या, की वाचकही बहुतेक पुरुषच असणार. म्हणजे राजा, पंडित, मग गुप्ते. शेकडो वर्षं स्वयंपाक करत आल्या बायका आणि लिहीत आले पुरुष. ज्यांना येत होतं त्यांना लिहिता येत नव्हतं, ज्यांना लिहिता येत होतं ते बाहेरून बघत होते.

पुस्तकावर बाईचं नाव येण्यासाठी पुढची पिढी शिकावी लागली. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' निघालं. हजार! शाकाहार, मांसाहार दोन्ही. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ साली. त्यानंतर बासष्ट वर्षांत एक बाई हजार कृतींचं पुस्तक स्वतःच्या नावानं छापते, हे मला कुठल्याही लढाईच्या सनावळीइतकं महत्त्वाचं वाटतं. पुस्तकाच्या नावातला 'मित्र' हा शब्दही बघा. 'शास्त्र' जाऊन 'मित्र' आला.

आणि मग १९७०, 'रुचिरा'. इथे मला तुम्हा सगळ्यांना एक सहल आठवून द्यायची आहे. सातवीची सहल : सागरेश्वर, देवराष्ट्रे, कुंडल. सागरेश्वरला हरणं बघितली. देवराष्ट्रेला यशवंतराव चव्हाणांचं जन्मघर बघितलं. कुंडलला सरांनी प्रतिसरकारचा इतिहास सांगितला, आणि आपण एसटीत घोषणा देत परत आलो. सगळं खरं, सगळं अभिमानाचं. पण यशवंतरावांचा जन्म १९१३ चा, आणि त्याच साली शेजारच्या कुंडलला आणखी एक मूल जन्माला आलं होतं, हे कुणी सांगितलं नाही. ती मुलगी म्हणजे कमलाबाई ओगले. शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन ओगल्यांच्या घरी आल्या, सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांचं पुस्तक निघालं. १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर ज्या किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, त्यांच्याच नावाच्या प्रकाशनानं ते काढलं. लाखावर प्रती खपल्या. 'सव्वालाख सुनांची सासू' असं कमलाबाईंना कौतुकानं म्हटलं गेलं.

सव्वालाख सुनांना पुस्तकातली सासू का लागावी? कारण घरातली सासू लांब राहिली होती. तोवर एकत्र कुटुंबं सुटी होत होती, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला दोन खोल्यांचे संसार मांडले जात होते, बायका नोकरीवर जात होत्या. चुलीच्या जागी स्टोव्ह आणि गॅस आला होता. हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे कुकर १९५९ पासून बाजारात होते, आणि कुकरमध्ये झाकण उघडून बघता येत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागतात. बघून शिकण्याची सोय संपत चालली होती. अशा वेळी चौथी शिकलेल्या बाईंनी ओळखलं, की नव्या मुलीला तराजू नको, ग्रॅम नकोत, तिच्या हाताशी जे आहे त्यातच माप हवं. वाटी आणि चमचा. मी वीस वर्षं लोकांना सूचना कशा लिहाव्यात हे शिकवते आहे. वापरणाऱ्याच्या हाताशी काय आहे ते आधी बघा, हा पहिला धडा. तो कमलाबाईंनी आमच्या कितीतरी आधी गिरवला होता.

म्हणजे 'गोडी कधी लागली' याचं माझं उत्तर हे. ज्यांनी ही पुस्तकं लिहिली त्यांची कारणं निरनिराळी, पण वाचणाऱ्याला गोडी बहुतेक वेळा आयतं ताट समोरून गेल्यावर लागते. मेसमधला मुलगा, बदलीच्या गावचा नोकरदार, परदेशातली मी, सगळे त्याच रांगेतले. जोवर ताट समोर येत होतं तोवर ते "कुणालाही येतं" होतं.

पण इतिहास इथे संपवला तर मी पुन्हा आठवीतलीच लबाडी करीन. या पुस्तकांत कुणाच्या घरचं जेवण आलं? मधल्या सुट्टीत आपण गोल करून बसायचो ते आठवा. कुणाच्या डब्यात खर्डा-भाकरी, कुणाच्या डब्यात ईदनंतरचा शिरखुर्मा, कुणाच्या डब्यात सुकटीची चटणी. आणि दोघं-तिघं डबा झाकून, पाठ करून खायचे. आपण त्यांना कधी विचारलं नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या जेवणाचं, कृतींसह. जेवणाआधी आपण हात जोडून जो श्लोक म्हणायचो, त्यातल्या एका शब्दाला त्यांनी फक्त एक 'अ' जोडला. कुठल्याही पाकपुस्तकात जागा न मिळालेल्या चुली त्या एका अक्षरात आल्या. ते वाचताना मला ते झाकलेले डबे आठवले. आपल्या पुस्तकांचा इतिहास जेवढा लिहिलेल्याचा आहे, तेवढाच न लिहिलेल्याचाही आहे.

शेवटचं, आईबद्दल. आई आता पंच्याहत्तरीला आली आहे, नावं विसरते, तारखा विसरते. दिवाळीत मी ठरवलं, शेंगोळे शिकायचे आणि ग्रॅमसकट लिहून ठेवायचे. डिजिटल काटा आणला. तीन दिवस लागोपाठ तिला शेंगोळे करायला लावले. हुलग्याचं पीठ दर वेळी दोन वाट्या, त्यात वाटलेलं लसूण-मिरची-जिरं, मीठ. पाण्याचा तांब्या आधी आणि नंतर काट्यावर ठेवला. पहिल्या दिवशी पाणी लागलं १५० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १२०, तिसऱ्या दिवशी १६५. चव तिन्ही दिवस एकच. मी म्हटलं, "आई, नक्की किती लिहू?" ती म्हणाली, "पीठ मागेल तेवढं." पहिलं पीठ गिरणीतून आणून पंधरा दिवस झाले होते, दुसरं ताजं होतं, तिसरं मी नको तितकं बारीक दळून आणलं होतं. ती विसरत होती ते नातवंडांचं नाव. पिठाला काय हवं ते तिची बोटं विसरली नव्हती.

तेव्हा मला उमगलं, की 'अंदाजानं घाल' म्हणताना ती काही लपवत नव्हती आणि टाळतही नव्हती. अंदाज म्हणजे माप नसणं नव्हे. अंदाज म्हणजे दर वेळी नव्यानं घेतलेलं माप. पुस्तक आपल्याला ओट्यापर्यंत आणून सोडतं, पुढचं हातानं हाताकडून घ्यायचं असतं. आणि हेच ते, जे "कुणालाही येतं" म्हणून मी वीस वर्षं सोडून दिलं होतं.

मी वहीत १२० ते १६५ असं लिहिलं, आणि खाली 'पीठ मागेल तेवढं' असंही. मग आईला ती आठवीतली गोष्ट सांगितली, लाल शाईच्या शेऱ्यासकट. शाबासकी बत्तीस वर्षं उशिरा पोचली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बाईंना कळलं कसं?" मग स्वतःच हसली. "वळ्या बघितल्या असतील."

आपल्या बाई आता नाहीत. तुम्हाला मात्र माझी एक विनंती आहे. यंदाच्या संमेलनाला नोंदणीच्या टेबलाजवळ एक कोरी वही ठेवलेली असेल. प्रत्येकानं घरातला एक पदार्थ त्यात लिहावा. कुणाच्या हातचा, कुठल्या चुलीवरचा, कुठल्या प्रसंगाचा, हेही लिहावं. मुलांनीसुद्धा. बागकामाचा तास होता ही सबब चालणार नाही. ज्यांनी तेव्हा डबा झाकला, त्यांनी पहिलं पान घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

शेंगोळे मी आणणार आहे. माझ्या वळ्या अजून सारख्या येत नाहीत, एक जाड, एक बारीक. बघितल्या की लगेच कळेल कुणी केलेत ते.